डेलावेअरची लोकसंख्या कशी वाचायची : बेळगावकरांसाठी साधी गाईड

आपल्या भागातली बरीच पोरं एमएसला अमेरिकेला जातात, त्यातली काही डेलावेअरला असतात, आणि इकडं भूगोलाच्या मुलांना "परदेशातल्या एका छोट्या राज्याचा लोकसंख्या अभ्यास करा" असला प्रोजेक्ट मिळाला की त्यांनाही कुणीतरी डेलावेअरच घे म्हणून सांगतंय, कारण राज्य लहान, टेबलं कमी. मग होतंय काय, गूगल करायचं, पहिला जो आकडा दिसेल तो उचलायचा, "लोकसंख्या सुमारे दहा लाख" असं लिहायचं, खाली एक पाय चार्ट चिकटवायचा आणि स्पायरल बाइंडिंग करून मोकळं व्हायचं.

आता मला सांगा, आपला जिल्हा आपण कधी एका आकड्यात बघतो का? खानापूरकडचं जंगल आणि पाऊस वेगळा, अथणी-रायबागचा ऊसपट्टा वेगळा, निपाणीचा तंबाखू वेगळा, सौंदत्ती-रामदुर्गचा कोरडा भाग वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तसंच डेलावेअर तोडून बघायचं. आणि दुसरं म्हणजे प्रत्येक आकडा कुठला प्रश्न विचारून आलाय ते बघायचं. या दोन गोष्टी केल्या की बाकी सगळं एका बैठकीत होतंय.

सुरुवात आकारापासून करा, पण पटकन उरका. डेलावेअरची जमीन साधारण १,९४९ चौरस मैल. अमेरिकन टेबलात सगळं मैलात असतंय, २.५९ नं गुणा म्हणजे ५,०४७ चौरस किलोमीटरच्या आसपास येतंय. बेळगाव जिल्हा १३,४१५ चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खं राज्य आपल्या जिल्ह्याच्या चाळीस टक्केसुद्धा भरत नाही. घनता करताना मात्र उलटं, तिथं २.५९ नं भागायचं. मैलामागं ५०८ माणसं लिहिलेली असतात, भागलं की किलोमीटरमागं १९६. पोरं इथं हमखास गुणून टाकतात आणि डेलावेअरला मुंबईच्या वाटेवर नेऊन ठेवतात. २०११ ला बेळगाव जिल्ह्याची घनता ३५६ होती, त्यामुळं उत्तर हजाराच्या वर आलं तर काहीतरी गडबड झाली हे तिथंच कळायला पाहिजे.

स्वल्पविरामाचं पण बघा. ते 989,948 अशा पद्धतीनं तीन-तीनचे गट पाडतात, आपण ९,८९,९४८ लिहितो. कॉपी-पेस्ट करून अर्धे आकडे तसले आणि अर्धे असले ठेवू नका, वाचणाऱ्याला लाख की दशलक्ष तेच कळत नाही.

कुठला आकडा घ्यायचा

डेलावेअरच्या लोकसंख्येचे तीन वेगवेगळे आकडे तुम्हाला सापडणार आणि तिन्ही सरकारीच असणार. एक, १ एप्रिल २०२० ची जनगणना, ९,८९,९४८. दोन, दरवर्षीच्या १ जुलैचा अंदाज, जो आता साडेदहा लाखांच्या आसपास पोचलाय. तीन, अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे म्हणून एक कायम चालणारा नमुना सर्व्हे असतो, त्यातला. जनगणनेत प्रत्येक घराला विचारतात पण प्रश्न अगदी मोजके, नाव, वय, लिंग, वंश, नातं, घर भाड्याचं की स्वतःचं, संपलं. शिक्षण, उत्पन्न, भाषा, जन्म कुठं झाला, कामाला कसं जाता हे सगळं त्या सर्व्हेत, आणि तो दरवर्षी देशभरातल्या साधारण पस्तीस लाख पत्त्यांवरच जातो. वर्षाचा अंदाज तर कुणाच्या दारात न जाता करतात, जनगणनेच्या पायावर जन्म मिळवायचे, मृत्यू वजा करायचे, आले-गेले किती ते कागदपत्रांवरून धरायचं.

म्हणून साधा नियम असा की एकूण लोकसंख्या आणि वाढ लिहायची असेल तर जनगणना, "सध्या किती" असं विचारलं असेल तर अंदाज, आणि भाषा-शिक्षण-उत्पन्न हवं असेल तर सर्व्हे. एका टेबलात तिन्ही कालवू नका. आणि प्रत्येक आकड्याला साल लावा, कारण आपल्याकडची तुलना २०११ शी होणार आहे. आपली २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची १ मार्च २०२७ च्या संदर्भ दिवसाची आहे, तोपर्यंत सगळ्यांचं २०११ वरच चाललंय. बेळगाव जिल्हा तेव्हा ४७,७९,६६१. जिल्ह्याच्या फाइली शोधताना जुनं बेलगाम असं स्पेलिंग टाका, नाव २०१४ ला बदललं, त्याआधीच्या टेबलात नवं नाव कसं असणार. निपाणी, कागवाड, मूडलगी, कित्तूर हे तालुके पण तेव्हा वेगळे नव्हते, निपाणीची माणसं चिकोडी तालुक्यात मोजलेली आहेत, ती "गायब" नाहीत.

आता डेलावेअरच्या त्या ९,८९,९४८ ची एक गंमत, जी प्रोजेक्टात कुणी लिहीत नाही आणि लिहिली तर मास्तर खूश होतात. जनगणना झाल्यावर अमेरिकेत एक तपासणी सर्व्हे करतात, मोजणी किती बरोबर झाली ते बघायला. त्यात २०२० ला चौदा राज्यांची मोजणी चुकलेली निघाली, सहा ठिकाणी कमी मोजले आणि आठ ठिकाणी जास्त, आणि जास्तवाल्यांत डेलावेअर वरच्या नंबरात, साधारण ५.४५ टक्के जादा. म्हणजे शेकड्याला पाच-साडेपाच माणसं फुकटची. एखाद्याची दोन घरं असली आणि दोन्हीकडनं फॉर्म गेला की असं होऊ शकतंय, आणि डेलावेअरच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यापुरती घरं भरपूर आहेत, त्यामुळं एवढं लक्षात ठेवून पुढं वाचा. अधिकृत आकडा मात्र बदलत नाहीत, तो तसाच राहतो. बरं, जास्त मोजूनसुद्धा फायदा काही झाला नाही, खासदार एकच. अमेरिकेच्या खालच्या सभागृहात ४३५ जागा लोकसंख्येनुसार वाटतात, सरासरी साडेसात लाखांच्या वर माणसांमागं एक, आणि डेलावेअरच्या जवळजवळ दहा लाखांना मिळून एक, देशातला सगळ्यात मोठा मतदारसंघ तोच. तिकडं माँटानाला अकरा लाखाच्या आत लोकसंख्या असून दोन मिळाले. गणिताची थट्टा आहे सगळी. आपण हसू नये म्हणा, आपलं खानापूर कारवारच्या खासदाराला मत देतंय.

"छोटं राज्य" म्हणताना क्षेत्रफळानं छोटं की लोकांनी छोटं ते पण ठरवा. क्षेत्रफळात डेलावेअर खालून दुसरं, सगळ्यात लहान ऱ्होड आयलंड. लोकसंख्येत मात्र डेलावेअरच्या खाली पाच राज्यं आहेत, साउथ डकोटा, नॉर्थ डकोटा, अलास्का, व्हर्मांट आणि तळाला वायोमिंग, ५,७६,८५१. आपलं बेळगाव शहर आजूबाजूच्या वस्तीसकट २०११ लाच ६,१०,३५० होतं, म्हणजे वायोमिंग सगळं आणून टिळकवाडी-शहापूर-वडगावात बसवलं तरी जागा उरेल, आणि त्या राज्याचा पसारा मात्र कर्नाटकाहून मोठा.

तीन काउंट्या, तीन वेगळी गावं

काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा, तशी डेलावेअरला फक्त तीन. उत्तरेला न्यू कॅसल, मध्ये केंट, दक्षिणेला ससेक्स. साइटवर शोधताना राज्याचं नाव लावायला विसरू नका, कारण ससेक्स न्यू जर्सीत पण आहे, केंट मेरीलँडमध्ये पण आहे, आणि न्यूआर्कचं तर विचारूच नका, त्याच स्पेलिंगचं न्यू जर्सीतलं शहर तीन लाखांच्या वर आहे आणि डेलावेअरचं, जिथं युनिव्हर्सिटी आहे ते, ३०,६०१. त्यात विद्यार्थीच किती. आणि हो, तिथं शिकायला गेलेला आपला मुलगा पण त्यात मोजला जातो, नागरिक असो नसो, वर्षातला जास्त काळ जिथं राहतो-झोपतो तिथं मोजायचं असा त्यांचा नियम आहे.

आता कागद घ्या आणि हे आकडे लिहा. २०१० ला न्यू कॅसल ५,३८,४७९, केंट १,६२,३१०, ससेक्स १,९७,१४५. २०२० ला न्यू कॅसल ५,७०,७१९, केंट १,८१,८५१, ससेक्स २,३७,३७८. राज्य म्हणून वाढ बघितली तर ८,९७,९३४ वरून ९,८९,९४८, म्हणजे १०.२ टक्के. (आपला जिल्हा २००१ ते २०११ मध्ये १३.४ टक्क्यांनी वाढला होता, दहा वर्षं वेगळी आहेत पण अंदाजाला बरं.) इथं थांबलात तर "मध्यम वाढ" असं लिहून मोकळे व्हाल. काउंटीनं करा. नव्यातून जुना वजा, भागिले जुना, गुणिले शंभर. न्यू कॅसल ६ टक्के, केंट १२ टक्के, ससेक्स २०.४ टक्के. म्हणजे केंट न्यू कॅसलच्या दुप्पट, ससेक्स तिपटीहून जास्त, आणि वाढ चढत जाते ती उत्तरेकडनं दक्षिणेकडं.

अजून एक पायरी करा, ही कुणी करत नाही. राज्यात एकूण ९२,०१४ माणसं वाढली, त्यातली ४०,२३३ एकट्या ससेक्सची. म्हणजे वाढीतला ४३.७ टक्के हिस्सा, आणि लोकसंख्येतला हिस्सा मात्र २४ टक्के. हे एक वाक्य तुमच्या प्रोजेक्टात आलं की मागचं सगळं त्याच्याभोवती लिहिता येतंय, कारण मग प्रश्न येतो की ससेक्सला एवढं काय आहे.

समुद्र आहे. लुईस, रिहोबोथ, बेथनी बीच असली किनाऱ्यावरची गावं आहेत, वॉशिंग्टन, बाल्टिमोर, फिलाडेल्फिया गाडीनं काही तासांवर, आणि डेलावेअरला सेल्स टॅक्स नाही, घरपट्टी कमी, रिटायर झाल्यावर मिळणाऱ्या सोशल सिक्युरिटीवर राज्य टॅक्स घेत नाही. मग तिकडच्या मोठ्या शहरांत नोकरी करून साठी ओलांडली की लोक घर विकून इकडं येतात. ससेक्समध्ये पासष्टच्या वरची माणसं तीस टक्क्यांच्या आसपास आहेत, आणि अख्ख्या राज्यात वीस-एकवीस टक्के. मधलं वय, म्हणजे निम्मी माणसं याच्यापेक्षा मोठी आणि निम्मी लहान असं जे वय, ते राज्याचं एक्केचाळीसच्या आसपास आणि ससेक्सचं पन्नाशीच्या घरात. तिथं जन्मापेक्षा मृत्यू जास्त होतात आणि तरी गाव वाढतंय. आपल्याकडं गाव वाढलं म्हणजे पोरं झाली असा हिशोब, खानापूरकडची तरणी माणसं पुण्या-मुंबईला आणि गोव्याला जातात आणि घरात म्हातारी राहतात, तिथं म्हातारीच बाहेरून येतात.

पण ससेक्स नुसतं पेन्शनवाल्यांचं नाही हे पण लिहा. किनारा सोडून पश्चिमेला गेलं की कोंबड्या. अमेरिकेत ब्रॉयलर कोंबडीत ससेक्स काउंटी कायम पहिल्या नंबराला असते, आणि त्या कोंबडीच्या कारखान्यांत कामाला १९९० नंतर ग्वाटेमालाहून माणसं आली, जॉर्जटाउन गावात तर त्यांची मोठी वस्ती झाली. म्हणजे एकाच काउंटीत एकीकडं गोरी म्हातारी माणसं आणि दुसरीकडं स्पॅनिश बोलणारी तरणी कामगार कुटुंबं, आणि सरासरी काढली की दोघंही दिसेनाशी होतात. म्हणून वयाचा पिरॅमिड काढायचा असेल तर राज्याचा एक आणि ससेक्सचा एक असे दोन शेजारी-शेजारी काढा, राज्याचा खांबासारखा येतो आणि ससेक्सचा वरती फुगलेला.

न्यू कॅसलचं थोडक्यात. राज्यातली निम्म्याहून जास्त माणसं इथं, ५७-५८ टक्के. ड्युपाँट कंपनी १८०२ साली इथंच ब्रँडीवाइन नदीवर बंदुकीच्या दारूच्या कारखान्यानं सुरू झाली, आणि १९८१ ला राज्यानं बँकांसाठी कायदा सैल केल्यावर क्रेडिट कार्डवाल्या बँका विल्मिंग्टनला आल्या, आयटीतली आपली माणसं तिथं दिसतात ती त्यामुळं. विल्मिंग्टन शहर मात्र १९४० ला १,१२,५०४ होतं आणि २०२० ला ७०,८९८, काउंटी वाढली पण शहर आटलं, माणसं बाहेरच्या सबर्बात गेली. शहरात निम्म्याहून जास्त लोक काळे आहेत. केंटमध्ये राजधानी डोव्हर, ३९,४०३, तिथं एअर फोर्सचा मोठा तळ आहे, १८९१ ला काळ्या विद्यार्थ्यांसाठी काढलेलं कॉलेज आहे जे आता डेलावेअर स्टेट युनिव्हर्सिटी झालंय, आणि गावाबाहेर घोडागाडीतनं फिरणारे आमिश या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी. डेलावेअरची लोकं न्यू कॅसलमधनं आडव्या जाणाऱ्या कालव्याच्या वरचे आणि खालचे अशी राज्याची वाटणी करतात.

वंशाचा रकाना

आपल्या जनगणनेत धर्म विचारतात, अनुसूचित जाती-जमाती विचारतात, मातृभाषा विचारतात. अमेरिकेच्या जनगणनेत धर्म नाहीच, त्यामुळं "डेलावेअरमधले हिंदू" असा सरकारी आकडा शोधत बसू नका, हॉकेसिनला मंदिर आहे एवढं लिहा. त्याऐवजी तिथं वंश विचारतात, आणि माणूस स्वतः जे सांगेल ते. २०२० ला डेलावेअरमध्ये फक्त गोरे म्हणणारे ६०.४ टक्के, फक्त काळे २२.१, आशियाई ४.३, आणि दोन किंवा जास्त वंश सांगणारे ७.७.

हिस्पॅनिक, म्हणजे ज्यांचं मूळ स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतलं ते, १०.५ टक्के आहेत, पण ते या बेरजेत मिळवू नका. हिस्पॅनिक आहात का हा वेगळा प्रश्न असतो आणि वंश वेगळा, म्हणून तो माणूस गोरा पण असू शकतो, काळा पण, दुसरा काही पण. पाय चार्टात हिस्पॅनिक घुसवला की बेरीज १०० च्या वर जाते आणि मग पोरं कुठला तरी एक आकडा दाबून १०० करतात. असलं करू नका, हिस्पॅनिकचा वेगळा बार काढा. २०२४ ला त्यांनी नियम बदललाय, पुढं दोन्ही मिळून एकच प्रश्न येणार आहे, त्यामुळं २०३० चे आकडे आले की जुन्याशी जपून जुळवावे लागतील.

जपून का, ते आत्तासुद्धा दिसतंय. दोन किंवा जास्त वंशवाले २०१० ला २.७ टक्के होते, २०२० ला ७.७. दहा वर्षांत तिप्पट मिश्र लग्नं झाली असं कुणी लिहू नका. फॉर्मवर लिहायला जागा वाढवली आणि लिहिलेली उत्तरं गटांत टाकायची पद्धत बदलली, त्याचा त्यात मोठा हात आहे. आपल्याकडं पण प्रश्न बदलला की आकडा बदलतो, पुढच्या जनगणनेत जात विचारणार आहेत, तेव्हा बघालच.

काळ्या लोकांच्या आकड्यामागं इतिहास आहे, तो दोन ओळीत घालाच. १७९० च्या पहिल्या जनगणनेत डेलावेअर ५९,०९६ होतं, त्यात ८,८८७ गुलाम. १८६० ला, म्हणजे तिथलं यादवी युद्ध सुरू व्हायच्या आधल्या वर्षी, राज्य १,१२,२१६, गुलाम १,७९८ आणि स्वतंत्र काळे १९,८२९. गुलामी कायद्यानं चालू होती तरी दहातले नऊ काळे स्वतंत्र होते. आजचे २२ टक्के सगळे काल-परवा आलेले नाहीत हे त्यावरून कळतं.

स्त्री-पुरुष प्रमाण आणि साक्षरता हे दोन मथळे आपल्या मास्तरांना लागतातच. ते दर १०० बायकांमागं पुरुष किती असं देतात, डेलावेअरला ९३-९४ येतात. आपण हजार पुरुषांमागं बायका मोजतो, म्हणून १,००,००० ला त्यांच्या आकड्यानं भागा, एक हजार साठ-सत्तरच्या आसपास येईल. बेळगाव जिल्हा ९७३. तिथं बायका जास्त, कारण म्हातारपणी बायका जास्त जगतात आणि म्हातारी माणसं भरपूर. साक्षरतेचा रकाना तिथं नाहीच, पंचविशीच्या वरच्यांत किती जणांची डिग्री झाली ते घ्या, डेलावेअरला तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त, आणि आपल्या ७३.४८ टक्के साक्षरतेशेजारी ते ठेवू नका, दोन्ही वेगळ्या गोष्टी.

भाषेचा रकाना, म्हणजे आपला आवडता

बेळगावात जनगणना म्हटली की आपण बाकी काही न बघता भाषेच्या पानावर जातो. सीमावादात कोर्टापासनं चावडीपर्यंत तेच टेबल, २०११ चं सी-१६, आणि एखाद्या भागात पंधरा टक्क्यांच्या वर अल्पसंख्य भाषक असतील तर त्यांच्या भाषेत सरकारी सूचना मिळाव्यात अशी तरतूद असल्यानं टक्क्याच्या प्रत्येक दशांशावर आपला जीव. तीच सवय घेऊन डेलावेअरच्या जनगणनेत शिरलात तर भाषा सापडणारच नाही. २००० पर्यंत काही घरांना लांब फॉर्म जायचा, त्यात होती, आता ती फक्त सर्व्हेत.

प्रश्न पण वेगळा. आपल्याकडं मातृभाषा काय विचारतात, म्हणजे लहानपणी आईनं जी बोलली ती, आणि त्याशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा. तिथं मातृभाषा कुणी विचारत नाही. पाच वर्षांच्या वरच्या प्रत्येकासाठी विचारतात की घरात इंग्रजी सोडून दुसरी भाषा बोलता का, बोलत असाल तर कुठली, आणि इंग्रजी कितपत येतं, उत्तम, चांगलं, फारसं नाही की अजिबात नाही. आता विचार करा, अनगोळचं एक जोडपं विल्मिंग्टनला आहे, नवरा मराठी, बायको कन्नड, घरात मराठी-कन्नड दोन्ही चालतंय आणि पोरं उत्तरं इंग्रजीत देतात. फॉर्मवर एका माणसाला एकच भाषा लिहायची. नवऱ्यानं मराठी लिहिलं, बायकोनं कन्नड लिहिलं, पोरांसमोर इंग्रजीच म्हणून टिक केलं, तर एका घरातनं तीन वेगळी उत्तरं. आणि ती मुलं मराठी समजतात हे कुठंच नोंदलं जात नाही.

याच्या पुढं तर खरी मजा. टेबल नंबर बी १६००१ उघडा, त्यात भाषांची लांब यादी आहे. गुजराती स्वतंत्र, हिंदी स्वतंत्र, उर्दू, पंजाबी, बंगाली स्वतंत्र, तेलुगू आणि तमिळ स्वतंत्र. मराठी कुठं? "नेपाळी, मराठी किंवा इतर इंडिक भाषा" अशा एका ओळीत. आणि कन्नड? "मल्याळम, कन्नड किंवा इतर द्राविडी भाषा". म्हणजे इथं सत्तर वर्षं ज्यावरनं भांडण चाललंय त्या दोन्ही भाषांना तिथं स्वतःची ओळसुद्धा नाही, एक नेपाळ्यांच्या मांडीवर आणि दुसरी मल्याळ्यांच्या. हे वाचून आमच्या कट्ट्यावर मराठीवाले आणि कन्नडवाले पहिल्यांदा एका बाजूला बसले.

काउंटीच्या पातळीवर जायचं असेल तर सी १६००१ वापरावं लागतंय, त्यात यादी अजून आवळलेली. तिथं मराठी "इतर इंडो-युरोपियन" मध्ये जाते, आणि कन्नड "इतर आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरच्या" भाषांत, हवाई-सामोआच्या शेजारी. त्यामुळं "डेलावेअरमध्ये मराठी बोलणारे इतके" असं वाक्य सरकारी टेबलावरनं लिहिताच येत नाही. लिहायचं असेल तर त्या ओळीचं पूर्ण नाव लिहा, नेपाळीसकट. राज्याचं एकूण चित्र मात्र देता येतंय, दहा टक्क्यांच्या आसपास माणसं परदेशात जन्मलेली, इंग्रजी सोडून घरात दुसरं बोलणाऱ्यांत स्पॅनिश सगळ्यात पुढं.

भाषेच्या या आकड्याचा तिथंही उपयोग होतो, फक्त वेगळा. मतदानाच्या हक्काच्या कायद्यातल्या कलम २०३ नुसार, एखाद्या भाषिक गटातले इंग्रजी नीट न येणारे मतदार नागरिक दहा हजारांच्या वर किंवा पाच टक्क्यांच्या वर गेले आणि त्यांच्यात शिक्षणाचं प्रमाण कमी असलं की तिथं मतपत्रिका त्यांच्या भाषेत पण द्यावी लागते, आणि हे या सर्व्हेवरनंच ठरवतात, दर पाच वर्षांनी. म्हणजे "इंग्रजी कितपत येतं" हा जो चौथीच्या परीक्षेतला वाटणारा प्रश्न आहे, तोच कामाचा.

सर्व्हेचा आकडा लिहिताना

सर्व्हेच्या टेबलात प्रत्येक आकड्याशेजारी अधिक-उणे चिन्हाचा दुसरा आकडा असतो, तो पुसून टाकू नका. समजा एखाद्या ओळीत ९०० आणि शेजारी अधिक-उणे ४५० असेल, तर खरा आकडा ४५० ते १,३५० च्या मध्ये कुठंतरी असावा असं नव्वद टक्के खात्रीनं ते सांगताहेत. असला आकडा वाढला की घटला यावर परिच्छेद लिहिण्यात अर्थ नाही. मोठ्या गटात हा फरक किरकोळ होतो, आपल्यासारख्या छोट्या गटात आकडाच खाऊन टाकतो.

शिवाय सर्व्हे एक वर्षाचा आणि पाच वर्षांचा असा दोन प्रकारात येतो. एक वर्षाचा फक्त ६५,००० च्या वरच्या जागांना मिळतो. तिन्ही काउंट्या त्यात बसतात, विल्मिंग्टन ७०,८९८ म्हणून काठावर बसतंय, डोव्हर आणि न्यूआर्क बसत नाहीत. त्यांच्यासाठी पाच वर्षांचा घ्यावा लागतो, आणि तो २०१९-२०२३ असा असेल तर खाली "२०२३" लिहू नका, तो पाचही वर्षांचा मिळून आहे. विल्मिंग्टन आणि डोव्हर शेजारी ठेवायचे असतील तर दोन्हीला पाच वर्षांचाच वापरा.

साइट डेटा डॉट सेन्सस डॉट गव्ह. सर्चमध्ये टेबलाचा नंबर आणि जागेचं नाव एकदम टाका, नुसतं "डेलावेअर पॉप्युलेशन" टाकलं तर शंभर टेबलं अंगावर येतात. वय आणि लिंगाला एस ०१०१, वंशाला डीपी ०५, भाषा-जन्मस्थान-शिक्षणाला डीपी ०२, उत्पन्नाला डीपी ०३, एवढ्यात प्रोजेक्ट होतो. मोबाईलवर टेबल अर्धंच दिसतंय, कॉलेजच्या लॅबमधनं किंवा सायबरमधनं एक्सेल फाइल उतरवून घ्या, आणि फाइलला नाव देताना टेबल नंबर, साल आणि काउंटी तिन्ही घाला, नाहीतर डाउनलोड फोल्डरमध्ये एकसारख्या पाच फाइली होतात आणि बाइंडिंगच्या आदल्या रात्री कुठली ससेक्सची हे शोधत बसावं लागतंय.